प्रार्थना चालू ठेवा, पण नवऱ्याला कोंडू नका

"नवरा बारा वर्षं रोज पितो. प्रार्थनासंगतीत रडून विनंती मांडली, तर रविवारी चर्चच्या दारात सगळ्यांच्या तोंडी तेच. आता एक भगिनी म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. त्यांना ३ दिवस खोलीत ठेवून उपास-प्रार्थना करू. हो म्हणू का?" – एक बहीण, अहिल्यानगर

प्रिय ताई,

नाही. यात जिवाला धोका आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, ताप, थरकाप. खोलीतल्यांना ते भूत लागल्यासारखं वाटतं आणि दवाखाना राहतो बाजूला. उपास तुम्ही करा, त्यांना जेवू द्या. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत; पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

विश्वास कमी पडतो म्हणे! बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातल्या 'काट्या'साठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, ३ वेळा विनवणी केली, काटा निघाला नाही. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत शहरात आजारीच सोडून आला. या भगिनींनी पौलालाही सुनावलं असतं.

संगतीत यापुढे "एका घरासाठी प्रार्थना करा" एवढंच सांगा. तपशील फक्त दोघी भरवशाच्या जणींना. त्यांच्याबरोबर आठवड्यातून अर्धा तास बसा, आणि तो हकीगत उगाळण्यात घालवू नका. देवाला ती ठाऊक आहे.

रोज नुसतं "दारू सुटू दे" म्हटलं की जीभ चालते, मन भलतीकडे असतं. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय २२) शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे ठाऊक असूनही येशूने त्याच्यासाठी नेमकं एकच मागितलं: त्याचा विश्वास ढळू नये. तुम्हीही मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यासाठी प्रार्थना, करताना नेमकं मागा. सोमवारी डॉक्टरकडे यायला त्यांनी हो म्हणावं. पगाराच्या संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळू नयेत. वहीत तारीख घालून लिहा, दोन ओळी स्वतःसाठीही. महिन्याने वाचून पाहा, काय हललं ते दिसेल.

त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "प्रभू, या माणसाला अक्कल दे" मात्र नको. तो टोमणा असतो, आणि पिणाऱ्यालाही तो बरोबर कळतो.

हात उचलत असतील तर त्या रात्री गुडघे टेकत बसू नका. मुलांना घेऊन निघा, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. मध्यस्थी माहेरी बसूनही करता येते.