मानशीचं दार

प्रिय बाय,

तुझा निरोप रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला, मी सकाळच्या चहाबरोबर वाचला. तुझ्या कादंबरीचं दहावं प्रकरण तीन आठवडे हलत नाही. रोज दोन ओळी लिहितेस, तीन खोडतेस. आणि शेवटी विचारतेस, ‘‘सर, थोडे दिवस थांबू का? पण थांबले तर हातातून सुटेल.’’

कादंबरी चांगली होतेय का, हे तू विचारलं नाहीस, मीही सांगत नाही. थांब, एवढंच सांगतो. पण नीट थांब. गेल्या महिन्यात चार दिवस सुट्टी घेतली होतीस ना? त्या चार दिवसांत तीनदा फोन करून विचारलंस, आजीचं लुगडं दुसऱ्या प्रकरणात हिरवं आणि सातव्यात जांभळं झालंय, कुठलं ठेवू? ही कसली सुट्टी गो?

आमच्या गोव्यातल्या चोडण बेटावर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधाला मानस असते, पाणी अडवणारी-सोडणारी झडपच ती. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा तिची लाकडी दारं आपोआप लागतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. माणसाने फक्त दार पुरतं लागतंय ना, एवढं बघायचं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना झावळीचा एक दांडा त्या दारात अडकला. बोटभर फट. पाऊस ओसरत आला होता, कुणी फारसं तिकडे फिरकलं नाही, आणि चार-पाच भरत्या खारं पाणी आत येत राहिलं. भात हिरवंगार दिसत होतं. आठवड्याने पात्यांची टोकं करपायला लागली. आमचं कोरगूट जातीचं भात खारं सोसतं, पण किती सोसणार? वडील बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, ‘‘उघडं असतं तर दिसलं तरी असतं.’’

तुझं तेच चाललंय. दार लागलेलं नाही आणि उघडंही नाही. फाइल उघडून स्वल्पविराम हलवणं हे लिहिणं नव्हे, आणि विश्रांती तर नव्हेच. लागलं म्हणजे लागलं पाहिजे.

प्वँकारे या फ्रेंच गणितज्ञाची हकिगत तुला सांगितली होती की नाही, आठवत नाही. एका प्रश्नावर खूप डोकं आपटल्यावर तो भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला आणि गणित विसरला. कूतांस गावी घोड्याच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि उत्तर समोर आलं. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. त्याने तिथे कागद काढला नाही. आत जाऊन बसला, अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे सुरू केल्या, आणि पडताळणी केली ती घरी परतल्यावर, सवडीने. तू असतीस तर पायरीवरच मोबाइल काढला असतास. आणखी एक, आधी डोकं आपटलं होतं, हे तो स्वतःच बजावून सांगतो. तू एकशे चाळीस पानं आपटलं आहेस. पुरे.

माझी पहिली कादंबरी तू सेंट्रल लायब्ररीत शोधून वाचलीस आणि शेवटाबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. कळलं मला. एका स्पर्धेची तारीख होती, शेवट सुचत नव्हता. पंधरा दिवस वही मिटायला हवी होती. मी आठ रात्री जागलो आणि नायिकेला विहिरीत ढकललं. बायकोने हस्तलिखित वाचून विचारलं, ‘‘हिला मारायची काय गरज होती?’’ गरज मला होती, झोपेची. बक्षीस मिळालं नाही. पुस्तक निघालं ते त्याच शेवटासह, आणि ती शेवटची बारा पानं मी आजतागायत पुन्हा उघडलेली नाहीत.

म्हणून दुसरी कादंबरी मिटवून ठेवली. पत्र्याच्या ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. लोक म्हणतात, सरांचं लिखाण सुटलं. सुटलं नाही, थांबवलंय. लिहिलेलं नवव्या वर्षापर्यंत बाहेर काढू नये, असं होरेस हा रोमन कवी सांगून गेलाय. माझं अकरावं चालू आहे, दोन वर्षं इकडेतिकडे. नव्या खर्ड्यापेक्षा मुरलेला खर्डा कधीही... असो. मिटताना मी तारीख घातली नाही, ही माझी चूक. सुकतीला न उघडणारी मानसही बिघडलेलीच, हे काय मला कळत नाही?

तू तारीख घाल. गणेशचवथीला अजून पाच आठवडे आहेत. गणपती पोचवून आलीस की दुसऱ्या दिवशी सकाळी उघड, त्याआधी नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर लिही आणि ती आईच्या कपाटात ठेव. लॅपटॉपमधली फाइल मला पाठव आणि तुझ्याकडची पुसून टाक. मी वाचणार नाही, वचन देतो. लुगड्याचा रंगही विचारू नकोस.

मधल्या एखाद्या रविवारी रायबंदरहून फेरीने इकडे ये. हिने सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, करायचं कबूल केलंय. फेरीत काही सुचलं तर सुचू दे, कठड्याला टेकून खारफुटी बघत उभी राहा. तिकिटाच्या पाठीवर लिहायचाही मोह नको. तशी पायी माणसाला फेरीचं तिकीट नसतंच.

तुझा,
सर