पाचवीच्या गणित-विज्ञानाची पहिली चाचणी काढताना

टीचर, पहिल्या सत्रात फक्त एवढंच सांभाळा.

मूल गणितात अडतंय की इंग्रजीत, हे आधी ओळखा. गोव्यातल्या सत्तरी-पेडणे तालुक्यांत चौथीपर्यंत मराठी-कोंकणीतून शिकलेली कितीतरी मुलं पाचवीत थेट इंग्रजी पेपरासमोर बसतात. शंका आली तर प्रश्न तोंडी विचारा. उत्तर कोंकणीत आलं तरी चालेल!

विज्ञानात बाष्पीभवन विचारलं, तर कुणी शब्दांत लिहील, कुणी आगरवाड्याच्या मिठागराचं चित्र काढेल. निकष एकच: पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, हे कळलंय का?

नेहमीच्या चुका:
- 'कच्च्या' मुलांना कायम नुसत्या बेरजा देणं. आकडे लहान करा, विचार तोच ठेवा.
- वेगाला गुण देणं.

रुब्रिक (गुण देण्याच्या निकषांचा तक्ता), पोर्टफोलिओ (मुलाच्या कामाचा संग्रह) दिवाळीनंतर बघू.