हेझलनट, फुंदुक आणि बंदूक

‘हेझलनटला मराठी शब्द कोणता? पहाडी बदाम म्हटलं तर चालेल का?’ असा प्रश्न आला आहे.

मराठीत रुळलेला देशी शब्द नाही, तेव्हा ‘हेझलनट’च लिहावं. ‘बदाम’ मात्र टाळावा, कारण त्याने झाडाचं कूळच बदलतं. बदाम गुलाबाच्या कुळातला, आणि आपण खातो ती त्याच्या आठळी फळाच्या आतली बी. हेझल भूर्जाच्या कुळातलं, म्हणजे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाचं भाऊबंद. त्याचं फळ खरोखरचं कपाली फळ, म्हणजे टणक कवचाचं, आपोआप न उकलणारं: पानांसारख्या झालरीत बसलेलं, पिकलं की आपसूक गळणारं.

या झाडाचा फुलोरा जवळून पाहण्यासारखा असतो. ऐन थंडीत, पानं फुटण्याआधी, फांद्यांवर पिवळसर नर-फुलांची नतकणिशं, म्हणजे शेपटीसारखे लांबट तुरे, लोंबतात. मादी-फूल शोधावंच लागतं. कळीच्या टोकातून लालभडक तंतूंचा इवलासा झुबका तेवढा बाहेर डोकावतो. पराग वाऱ्याने येतो, पण फलन व्हायला पुढे काही महिने जातात. शिवाय स्वतःचा पराग झाड स्वीकारत नाही, म्हणून बागेत दोन जुळणाऱ्या जाती लावाव्या लागतात. युरोपात झाड बुंध्याशी छाटून येणाऱ्या लवचीक काठ्यांची कुंपणं आणि टोपल्या विणत आले आहेत. फळ भाजलं की त्याचा वास खुलतो. चॉकलेटशी त्याची जोडी जमली ती त्यामुळेच.

हिमालयातही हेझलची एक रानटी जात आहे. हिमाचलातल्या पांगी खोऱ्यात तिच्या फळाला ‘ठांगी’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, आणि त्या फळाबद्दल लिहिताना तोच वापरावा.

फारसी-उर्दूत हेझलनटला ‘फुंदुक’ म्हणतात, तुर्कीत ‘फिंदिक’. जगातलं निम्म्याहून अधिक पीक तुर्कस्तानात, मुख्यतः काळ्या समुद्राच्या किनारी निघतं, आणि शब्दही तिथलाच. ग्रीक लोक त्या समुद्राला ‘पोंटोस’ म्हणत आणि या फळाला ‘पोंटिक कवचफळ’. त्यातल्या ‘पोंटिक’चं अरबीत ‘बुंदुक’ झालं. फळ गोल, टणक, म्हणून धनुष्यातून मारायच्या गोळीलाही बुंदुक म्हणू लागले, पुढे गोळी झाडणाऱ्या हत्याराला तेच नाव पडलं, आणि आपल्याकडे ‘बंदूक’ आली. म्हणजे फळाचा शब्द मराठीत आहेच, फक्त फळावाचून.

अरबीत हॉटेललाही ‘फुंदुक’ म्हणतात, पण त्याचा या फळाशी संबंध नाही. तो धर्मशाळेसाठीच्या वेगळ्या ग्रीक शब्दावरून आला आहे.