‘सर, आमच्याकडे बघायला कोणी येत नाही’

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, 200 मीटर धावते. शालेय स्पर्धेत विभागापर्यंत गेली, वेळ 27.4 सेकंद. बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या कॉलेजात खेळाडू म्हणून घेतील का? शिरपूरला तिला बघायला येणार कोण? – एक वडील

कोणी येणार नाही, दादा. कॉलेजचे क्रीडासंचालक गावोगाव फिरत नाहीत, निकालपत्रक बघतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शालेय स्पर्धांची शिडी आहे आणि आपल्या नाशिक विभागातून वर सरकलं, की नाव आपोआप त्यांच्या टेबलावर जातं. यंदा तिला 19 वर्षांखालील गटात राज्य गाठू द्या. जिल्हा संघटनेची मैदानी स्पर्धाही चुकवू नका. गावच्या मॅरेथॉनची ढाल कपाटात शोभते, अर्जाला उपयोगाची नाही.

आता ते 27.4. हे हातातल्या घड्याळाचं आहे ना? फक्कीच्या रेषेवर उभे राहिलेले गुरुजी सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर किंवा रुमाल बघून बटण दाबतात, तिथेच वेळ खाल्ली जाते. म्हणून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना 200 मीटरला 0.24 मिळवून 27.64 धरतात. कागदावर ‘हाताची वेळ’ असं स्पष्ट लिहा. लपवलंत तर चाचणीच्या दिवशी ट्रॅकच सांगतो.

एकच पान करा : जन्मतारीख, उंची, शाखा, सर्वोत्तम वेळ कुठे नि कधी, मार्गदर्शकांचा फोन. शेजारी मागच्या वर्षीची वेळ टाका. जाणकार माणूस आकड्यापेक्षा वर्षात किती कमी झालं ते आधी बघतो. हे पान बारावीच्या निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच पाठवा आणि निवड चाचणी कधी ते विचारा. होकार आला तर वसतिगृह नि मेस बघून या. धावणाऱ्या पोरीचं निम्मं काम ताटात होतं.

आणि जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ नाकारू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्यात येतात. इथे विद्यापीठाच्या संघात लवकर जागा मिळाली, तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत तीच पोर पुण्याच्या पोरींच्या शेजारच्या लेनमध्ये उभी राहते.

प्रश्न : मुलगा कबड्डीत चढाई करतो. व्हिडिओ कसा काढू? – अमळनेर

गाणं लावू नका. मागच्या वेळी एकांनी मला पाठवलेल्या व्हिडिओत ढोल होता, पोराचं तोंड दिसत नव्हतं आणि मागून आई ओरडत होती, ‘‘मना पोर्‍या बठासले भारी!’’ म्हणजे माझा पोरगा सगळ्यांना भारी. खरं असेल, पण पाय दिसले नाहीत. मोबाइल आडवा, उंचावर, स्थिर धरा, पूर्ण मॅट दिसू द्या. सुरुवातीला जर्सीचा नंबर सांगा. दोन-तीन मिनिटांत सलग चढाया दाखवा, पकडला गेला त्याही. पकडल्यावर तो मधल्या रेषेकडे कसा झेपावतो, हे प्रशिक्षकाला बघायचं असतं.

प्रश्न : एक एजंट म्हणतो, दोन लाख भरा, पोहणाऱ्या मुलाला अमेरिकेतल्या कॉलेजची पक्की शिष्यवृत्ती. – जळगाव

‘पक्की’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे नको. तिथे कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते. पहिल्या डिव्हिजनसाठी नववीपासूनचे 16 ठरावीक विषय आणि त्यांचे गुण तपासतात. म्हणजे दहावीत गणित सोडून तरण तलावावर बसवलंत तर दार तिथेच बंद. मुलाने कॉलेजच्या प्रशिक्षकाला स्वतः ईमेल करावा : वेळा, तलाव 25 मीटरचा की 50 चा, गुणपत्रिका. प्रशिक्षक ते वाचण्याचे पैसे घेत नाही.

प्रश्न : दाखल्यावर वय दोन वर्षं कमी करून दिलं तर? – नाव नको

हाडांवरून वय ओळखायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. शिवाय पुढे नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्रं पडताळणीला जातात, तेव्हा जुनं सगळं बाहेर येतं. नका करू.