रेषेवर उभं राहून बोलायचं किती?

"मॅडम, खेळाडूंशी बोललो तर समोरच्या टीमला वाटतं मी विकला गेलोय. गप्प राहिलो तर म्हणतात, भारी शिष्ट आहे. करू काय?"

फुटबॉलमध्ये असिस्टंट रेफरी, म्हणजे कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा सहायक पंच, असलेला हा तरुण. नव्या पंचांकडून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो, म्हणून त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्याच्याबद्दल लिहिते आहे.

बोलता बोलता खरी काळजी बाहेर आली. एका सामन्यात त्याने ऑफसाइड दाखवला, म्हणजे पास सुटताना हल्ला करणारा खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता असा इशारा दिला. निर्णय बरोबरही होता. विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, अंगावर ओरडत आला, हा समोर बघत पुतळ्यासारखा उभा राहिला. पुढचं अख्खं अर्ध विंगरने त्याला टोमणे मारले. मग पुन्हा तसाच प्रसंग आला आणि "हात जड झाला," तो म्हणाला. झेंडा उशिरा वर गेला. मला इथे थांबावंसं वाटलं, कारण ताण आता त्याच्या निर्णयापर्यंत पोचला होता.

त्याच्या कामाची रचनाच वेगळी आहे. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं आणि मैदानाची अर्धी बाजू सांभाळायची. म्हणजे 45 मिनिटं तोच फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि तोच विंगर जवळ. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात, शेजारी नवे येतात. कार्ड त्याच्या हातात नाही, अंतिम निर्णयही रेफरीचा. याची त्याला लाज वाटायची. मी म्हटलं, "मग वाद जिंकायची जबाबदारीही तुझी नाही. तुला फक्त माहिती द्यायची आहे."

मग सरावासाठी मी विंगर झाले आणि ओरडले, "कसला ऑफसाइड?" त्याने ऑफसाइडचा अकरावा नियम समजावून सांगायला सुरुवात केली. मी आणखी चिडले, मैदानावरचा विंगरही चिडलाच असता. कापत कापत आम्ही एका वाक्यावर आलो: "पास सुटला तेव्हा तुझा गुडघा पुढे होता." एवढंच, आणि नजर पुन्हा खेळावर. शिवाय उत्तर लगेच द्यायचंही नसतं. झेंडा वर असताना डोळे रेफरीकडेच हवेत. तेवढ्या वेळात एक श्वास पूर्ण बाहेर सोडायचा आणि झेंडा खाली आल्यावर बोलायचं. त्याला सगळ्यात जास्त उपयोग या श्वासाचा झाला.

पक्षपाताच्या भीतीसाठी एक कसोटी ठरवली. जे बोलतोय ते समोरच्या टीमने ऐकलं तर चालेल का, आणि त्यांनाही मी हेच सांगेन का? "दोन्ही पाय जमिनीवर ठेव" हे थ्रो-इनच्या आधी कुणालाही सांगता येतं. कॉर्नरला "9.15 मीटर मागे" हेही. माझ्या मते ओळख इथेच तयार होते. भांडण पेटल्यावर काढलेला गोड शब्द कुणाला खरा वाटत नाही, आधी दिलेली साधी सूचना मात्र लक्षात राहते.

एका गोष्टीवर मी त्याला स्पष्ट अडवलं. विंगर शांत व्हावा म्हणून तो एकदा म्हणाला होता, "मी दाखवलं होतं, रेफरीनेच ऐकलं नाही." अशी जवळीक सहकाऱ्याला विकून मिळवलेली असते, आणि आज खूश झालेला खेळाडूसुद्धा उद्या हाच न्याय आपल्याला लागेल हे ओळखतो. ती पुन्हा करायची नाही.

आणि शिवीगाळ? ती संबंध जपण्यासाठी गिळायची नाही. निर्णयावर निषेध केला तर पिवळं कार्ड, अपमानास्पद किंवा शिवराळ भाषेला लाल. ऐकलेलं रेफरीला जसंच्या तसं सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे, त्यात चहाडी कसली? हे त्याला पटायला वेळ लागला. आपण सगळ्यांना आवडावं ही इच्छा खोल होती आणि तिची मुळं मैदानाबाहेर, घरात होती. त्यावर आमचं काम वेगळं चालू आहे.

खेळाडू अजूनही ओरडतात. हात मात्र जड होत नाही, असं तो म्हणतो. परवा त्याने नवा प्रश्न आणला: बाकांच्या बाजूची रेषा मिळाली की पाठीमागे दोन्ही प्रशिक्षक असतात आणि ते मध्यंतरानंतरही बदलत नाहीत, त्यांचं काय? पुढच्या भेटीत प्रशिक्षक होऊन मी ओरडणार आहे.