चार रंग, दोन डबे

प्रश्न: खेड्यातल्या शाळेत स्वेच्छेने चित्रकला शिकवणार आहे. मुलं चाळीस, साहित्य जेमतेम. काय न्यावं?

उत्तर: पिवळा, लाल, निळा, पांढरा हे चारच पोस्टर कलर न्या, पण मोठ्या बाटल्यांत. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला पाण्याचे दोन डबे द्या: एक ब्रश धुवायला, दुसरा रंगात घालायला. एकाच डब्यावर भागवलं की रंग हमखास मातकट होतात. हिरवा करताना पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घाला. उलट केलं तर पिवळा संपतो, निळा हटत नाही. वहीचा कागद ओला होताच सुरकुततो, त्यापेक्षा जाड ड्रॉइंग पेपर अर्धा कापून द्या. आणि कृपा करून मुलाच्या चित्रावर स्वतःचा ब्रश फिरवू नका. दाखवायचंच तर वेगळ्या कागदावर दाखवा.