आधी नोटीस, मग नवे टायर

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, माझ्याकडे 1969 ची शेव्हरोले कॅमॅरो ही जुनी गाडी आहे. मे 2022 मध्ये इथल्या दुकानातून चार ‘परफॉर्मन्स’ टायर सवलतीत घेतले. ‘सगळा या वर्षीचाच माल’ असा दुकानदाराचा मेसेज माझ्याकडे आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मेकॅनिकने दाखवलं, की टायरवर 2214 असा छाप आहे. एप्रिल 2025 मध्ये गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर मागच्या टायरचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा थर, सुटला आणि फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, फाटला. इजा कुणाला नाही. टायर कंपनीवर दावा लावता येईल का? आणि आता परवडतील असे कोणते टायर घ्यावेत?

उत्तर : दुकानदाराला लेखी कधी कळवलंत? तुमच्या लांबलचक मेलमध्ये रंगाची छटा आहे, इंजिनाचा आकार आहे, गाडी कुणाकडून घेतली तेही आहे. हे मात्र नाही. अशा मेल मला दर उन्हाळ्यात येतात. कधी टायर असतात, कधी कार्ब्युरेटर, आणि प्रत्येकात नेमकी हीच ओळ गाळलेली असते.

2214 म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. म्हणजे तुम्ही घेतलेत तेव्हाच टायर आठ वर्षांचे व्हायला आले होते. यात वादाला जागा नाही, छापच सांगतो. वाद होणार आहे तो ऑक्टोबरवर.

मालाच्या विक्रीला लागू होतो तो युनिफॉर्म कमर्शियल कोड, न्यू जर्सीने स्वीकारलेला. त्याच्या कलम 2-607 नुसार, स्वीकारलेल्या मालात खोट आहे हे ग्राहकाला कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, वाजवी वेळात त्याने विक्रेत्याला कळवायचं असतं. न कळवल्यास कोणतीच दाद मिळत नाही. ‘वाजवी वेळ’ म्हणजे किती दिवस, हे कलमात लिहिलेलं नाही. ते न्यायाधीश ठरवणार. घरगुती ग्राहकाला व्यापाऱ्याच्या कडक मापाने मोजू नये, असं याच कलमावरच्या अधिकृत टिपणीत म्हटलं आहे, आणि सध्या तुमची सगळी भिस्त त्यावर आहे. पण ऑक्टोबर ते आत्ताचा जून हा काळ त्या सवलतीलाही ताणणारा आहे.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही दुकानदाराला फोन केला होता असं मेलमध्ये म्हणता. कळवणं लेखीच हवं असं कलम म्हणत नाही, त्यामुळे फोन चालला असता. पण तुम्हीच लिहिता, की फोनवर ‘पुढच्या सेटवर काही कमी करणार का’ एवढंच विचारलंत. त्याला तक्रार कोण म्हणेल? व्यवहारात गडबड आहे आणि मी तो सोडून दिलेला नाही, एवढं तरी समोरच्याला समजायला हवं. फोनचं रेकॉर्ड जपून ठेवा, मात्र त्यावर विसंबू नका.

पत्र आज पाठवा, उद्या नको. खरेदीची तारीख, चारही टायरचे पूर्ण डॉट क्रमांक (टायरवर छापलेला ओळख क्रमांक, 2214 हा त्याचाच शेवट), त्या मेसेजची प्रत, ऑक्टोबरमध्ये काय कळलं, एप्रिलमध्ये काय झालं आणि किती रक्कम मागता, बस. सर्टिफाइड मेलने पाठवा, पोच मागवा. राग, धमकी, वकिलाचं नाव, काही घालू नका.

ऑक्टोबर तुम्हाला दुसरीकडेही नडतो. टायर जुने आहेत हे माहीत असून तुम्ही त्यांवरच सहा महिने गाडी चालवलीत, आणि तीही पार्कवेवर. दुकानदाराचा वकील हाच प्रश्न पहिला विचारेल. टायरची किंमत परत मिळण्याची आशा मला बऱ्यापैकी वाटते, फेंडरच्या खर्चाची कमी. मेकॅनिकने ‘हे लगेच बदला’ असं बिलावर लिहून दिलं असेल, तर आणखी कमी.

‘छाप पहिल्या दिवसापासून टायरवरच होता, बघायचा होता’ असंही ते म्हणतील. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. पांढरी अक्षरं बाहेर ठेवून बसवलेल्या तुमच्या टायरवर तो आत गेला असेल, तर चाक गाडीवर असतानाच खालून फोटो काढा. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

आता ‘परफॉर्मन्स’. या शब्दावर दावा उभा करू नका. विक्रेत्याने मालाची केलेली वाखाणणी म्हणून कोर्ट तो सोडून देईल. ‘या वर्षीचाच माल’ हे मात्र तपासता येणारं विधान आहे, म्हणजे कलम 2-313 खालची हमी. ते खोटं निघालं तर न्यू जर्सीच्या कन्झ्युमर फ्रॉड ॲक्टचीही वाट उघडू शकते. तिथे नुकसान सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी मिळते, शिवाय मुदत सहा वर्षांची. मेसेज संपूर्ण वाचल्याशिवाय याहून जास्त मी बोलणार नाही.

हमीच्या दाव्याला मुदत चार वर्षांची. पुण्याच्या ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षं मोजतात, ते डोक्यातून काढा. इथे साधारणपणे माल हातात पडल्यापासून मोजतात, खोट कधी कळली याला महत्त्व नाही. म्हणजे मे 2026. बिलामागच्या बारीक अक्षरांत ही मुदत एका वर्षावर आणलेली असू शकते, कोड तेवढी मुभा देतो. बिल शोधा. कोर्ट सावकाश चालतं म्हणून आपणही सावकाश चाललं तर चालेल, या समजुतीवर मी कितीतरी चांगले दावे वाया गेलेले पाहिले आहेत.

टायर कंपनीचं म्हणाल, तर माल आठ वर्षं दुकानात पडून राहिला हा तिचा दोष दाखवणं अवघड. टायर किती जुना झाला की विकू नये, असं वय केंद्रीय कायद्याने ठरवलेलं नाही. बनावटीत खोट होती असं तज्ज्ञाने सांगितलं तर गोष्ट वेगळी, पण तज्ज्ञाची फी टायरच्या किमतीहून जास्त होईल. मागणी 5,000 डॉलरच्या आत बसवा आणि स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, जा. त्यापुढे 20,000 पर्यंत स्पेशल सिव्हिल पार्ट हा कोर्टाचा विभाग आहे. विम्याबद्दल, एप्रिलमध्ये गाडी कुठे निघाली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. गाडीवर हिस्टॉरिक (जुन्या गाड्यांना मर्यादित वापरासाठी मिळणारी) नंबरप्लेट असेल आणि तुम्ही ऑफिसला निघाला असाल, तर विमा कंपनीला फोन करण्याआधी पॉलिसीतल्या वापराच्या अटी वाचा.

नव्या टायरबद्दल माझं मत वकिलाचं आहे, मेकॅनिकचं नव्हे. पंधरा इंची चाकांसाठी पांढऱ्या अक्षरांचे परवडणारे टायर मिळतात, बीएफगुडरिचचे रेडियल टी/ए, कूपरचे कोब्रा. पण त्यांचं वेगाचं अक्षर (टायरची वेगमर्यादा सांगणारं) एस किंवा टी, म्हणजे ताशी 180 ते 190 किलोमीटर. दिसायला शोभतात, रविवारच्या फेरीला पुरतात. त्याहून जास्त पकड हवी असेल तर सतरा इंची चाकांकडे जावं लागेल. तिथे निवड मोठी आणि स्पर्धेमुळे भावही बरे. मात्र चाकं बदलल्याचं ॲग्रीड व्हॅल्यू (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेल्या) पॉलिसीवाल्यांना कळवा. ‘फक्त शर्यतीसाठी’ असं लिहिलेले टायर कितीही स्वस्त मिळाले तरी रस्त्यासाठी घेऊ नका.

पैसे देण्याआधी चारही टायरचे छाप स्वतः वाचा, ते बिलावर लिहून घ्या आणि टायरच्या नोंदणीचं कार्ड भरा. सहा महिन्यांच्या आतला माल नसेल तर निघून या. आणि बसवणारं दुकान जुने टायर आपणहून ठेवून घेतं. त्यांना नाही म्हणा. फाटलेला आणि उरलेले तीन, चारही घरी आणून गॅरेजमध्ये ठेवा, दावा निकाली निघेपर्यंत.